नेद्याल्का त्सोनेवाचे दीड तास

वर्षातून एकदा, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, नेद्याल्का त्सोनेवाला डॉक्टर घडवायला दीड तास मिळत. बाकीचं वर्ष ती शहरातल्या अंधांच्या केंद्रात शिकवी: पांढऱ्या काठीने रस्ता ओलांडणं, कांदा चिरणं, गॅस पेटवणं, शर्टाची उलटसुलट बाजू ओळखणं. पण हे दीड तास तिला त्या सगळ्या वर्षापेक्षा जड वाटत. कारण सरळ होतं. केंद्रात माणसं यायची ती डॉक्टरांनी पाठवली तर, आणि डॉक्टरांना केंद्र आहे हेच ठाऊक नसे. मेडिकलच्या सहा वर्षांत पोरांना डोळ्यातली प्रत्येक शीर तोंडपाठ व्हायची. डोळा गेल्यावर जो माणूस उरतो त्याचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नसे. ते सांगण्याची सगळी सोय या दीड तासात होती.

आणि यंदा त्या दीड तासांवरच गदा आली होती. अकरा वर्षांपूर्वी हा तास सुरू करणाऱ्या प्राध्यापक पापाझोवाबाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या खुर्चीवर आलेल्या डॉक्टर हारिझानोवने आठवडाभर आधी फोन केला होता. आवाज गोड, अगदी मधात बुडवलेला.

"तुमच्या तासाबद्दल फार चांगलं ऐकून आहे, बाई. या खेपेला मी मागे बसून ऐकीन म्हणतो. अभ्यासक्रम जरा आवळायचाय, तुम्हाला कल्पना असेलच."

नेद्याल्काला कल्पना होती. अठ्ठावन्न वर्षांत तिने बरंच काही आवळलं जाताना पाहिलं होतं, आणि पट्टा नेहमी आधीच बारीक असलेल्या कमरेलाच आवळतात.

त्या गुरुवारी ती इस्पितळाच्या नेत्रविभागात चौथ्या वर्षाच्या चौदा पोरांसमोर उभी राहिली. मागच्या बाकावर हारिझानोव बसला होता. त्याच्या पेनाची टिकटिक तिला सगळा वेळ ऐकू येत होती.

"नमस्कार. माझा आवाज शेवटपर्यंत येतो का?" तिने विचारलं.

खोलीत शांतता.

"तुम्ही माना हलवल्यात, हो ना? मला फक्त कॉलरची खसखस ऐकू आली. हा पहिला धडा. आंधळ्याला मानेने उत्तर द्यायचं नाही. तोंड दिलंय देवाने, ते वापरा."

पोरं हसली. सुरुवात बरी झाली. मग तिने त्यांना जोडीजोडीने उभं केलं आणि माणसाला कसं न्यायचं ते दाखवलं. आंधळ्याला मागून ढकलायचं नाही. आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि त्याला आपलं कोपर धरू द्यायचं. तुमचं अंग वळलं की त्याला वळण कळतं, तुम्ही थांबलात की पायरी कळते. त्स्वेतान नावाचा एक दांडगा पोरगा जोडीदाराला बखोटीला धरून ढकलत होता.

"अरे, तो काय हातगाडी आहे का? कोपर दे त्याला, कोपर!" ती ओरडली.

मग चहा. डोळे मिटून कपात चहा ओतायचा, बोटाचं पेर कपाच्या आत टेकवून ठेवायचं. दोघींनी टेबलावर तळं केलं. एका मुलीने न सांडता ओतला. ती रालित्सा. तिच्या आवाजात एक मऊपणा होता, आजाऱ्याच्या उशाशी बसावा असा. नेद्याल्काने मनात तिच्या नावापुढे खूण केली. वर्षाला एक जरी अशी मिळाली तरी तिला पुरे असे.

त्यानंतर ती खुर्चीवर बसली आणि स्वतःची गोष्ट सांगू लागली. दर वर्षी सांगायची.

एकतिसाव्या वर्षी ती शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होती. दहा पावलांवरून सुटलेला टाका तिला दिसायचा. मग एका हिवाळ्यात दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकल्या. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिच्या आईला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आमच्याकडची रीतच ती. वाईट बातमी नातेवाइकांना सांगायची, रोग्याचं मन जपायचं. दार लोटलं गेलं, बाहेर कुजबुज झाली, आणि आई आत येऊन म्हणाली, "डोळ्यांना विसावा हवाय, नेद्के. वसंतात ऑपरेशन करतील."

वसंत आला. डॉक्टर परदेशी गेलेत. पुढचा वसंत. मशीन मागवलंय. त्याच्या पुढचा. बाहेर सरकार कोसळलं, पावासाठी रांगा लागल्या, वरच्या मजल्यावरचे शेजारी सामान बांधून जर्मनीला गेले, आणि नेद्याल्का स्वयंपाकघरात रेडिओशेजारच्या खुर्चीत बसून डोळ्यांना विसावा देत राहिली. आई तिचा पाव कापून द्यायची, बुटांच्या नाड्या बांधायची. नवऱ्याने दोन वसंत वाट पाहिली आणि तिसऱ्याला काढता पाय घेतला. सहा वर्षं अशी गेली. मग आईची पाठ धरली, म्हणून मालिश करायला एक माणूस घरी आला. तो आंधळा होता. बोलता बोलता त्याने नेद्याल्काला विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?"

"मी आंधळी नाही हो," ती म्हणाली. "माझं ऑपरेशन व्हायचंय."

त्या माणसाचे हात तिच्या आईच्या पाठीवर थांबले. ते थांबलेले तिला ऐकू आले.

"आईला विचारलं, तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू खिडकीतून उडी मारली असतीस," नेद्याल्काने पोरांना सांगितलं. "मी तिच्याशी वर्षभर बोलले नाही. ती गेली तेव्हाही मनातला तो खडा तसाच होता. सहा वर्षं, पोरांनो. कुणी दुष्टपणाने नाही घेतली ती. सगळ्यांनी मायेने घेतली."

पेनाची टिकटिक थांबली होती.

"म्हणून तुम्हाला तीन वाक्यं शिकवते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ऐका. 'तुमची दृष्टी परत येणार नाही. औषधांचं काम इथे संपलं. पण आंधळेपणी जगायला शिकवणारे लोक आहेत, त्यांचा पत्ता मी चिठ्ठीवर लिहून देतो.' म्हणा एकेक जण."

चौदाही जणांनी म्हटलं. कुणी अडखळत, कुणी पाठांतरासारखं. पहिलं वाक्य म्हणताना त्स्वेतानचा आवाज फाटला. त्याबद्दल नेद्याल्काला तो आवडला. रालित्साने मात्र अशी म्हटली, की नेद्याल्काने ती तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतली. सत्तावीस वर्षांपूर्वी हा आवाज तिला मिळाला असता तर!

हारिझानोव उठून पुढे आला. "बाई, मी मनापासून सांगतो, हा तास मी हलवणार नाही. उलट पुढल्या वर्षी असे दोन करू. आणि आता वीस मिनिटं आहेत, तर सहा नंबरच्या खोलीत चला. आज घरी जातोय एक जण. पोरांना प्रत्यक्षच बघू दे."

नेद्याल्काच्या छातीवरची धोंड उतरली. दोन तास! तिने रालित्साचं कोपर धरलं आणि सगळे व्हरांड्याने निघाले.

सहा नंबरमध्ये गाव्रिल होता, सत्तेचाळीस वर्षांचा, यासेन्का गावचा छपरं शाकारणारा. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे खाल्ले होते. थेंब लिहून दिले होते, ते त्याने कधी घातले, कधी नाही. छपरावर चढलेल्या माणसाला औषधाची वेळ कुठून आठवणार. दारातच त्याची बायको मिन्का भेटली. डॉक्टरांचा घोळका पाहून तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

"काय झालं? डॉक्टर, काय झालं?"

"डॉक्टर, तुम्ही बोला," हारिझानोव रालित्साला म्हणाला. "आत्ता शिकलात तसं."

आणि रालित्साने काय केलं? तिने हलकेच खोलीचं दार ओढून घेतलं. मिन्काचा हात हातात घेतला, आणि तीन वाक्यं म्हटली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाजात माया, थांबायचं तिथे थांबणं, सगळं कसं नेद्याल्काने शिकवलं तसं. फक्त ती वाक्यं बायकोला म्हटली, व्हरांड्यात, दार लोटून.

मिन्का भिंतीला टेकून खाली बसत गेल्याचा आवाज आला. "त्याला सांगू नका," ती म्हणाली. "पोरी, तुझ्या पाया पडते. तो जीव देईल. मी ओळखते त्याला."

"नाही सांगणार, काकू," रालित्सा म्हणाली. ती स्वतःही रडत होती.

"फार छान," हारिझानोव पुटपुटला. "फार माणुसकीने हाताळलंत."

पोरांनी सुस्कारे सोडले. नेद्याल्का कोपर धरून उभी होती आणि तिला वाटलं, आपण गेली अकरा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओततोय. ही त्यातली सगळ्यात चांगली पोरगी. हिला वाक्यं आली, माया आली. फक्त ज्याचे डोळे गेले त्याच्याशी बोलायचं असतं, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं नाही. शिरणार तरी कसं? लोटलेल्या दारामागे बोलणं आमच्या रक्तातच आहे.

सगळे आत गेले. खाटेची स्प्रिंग करकरली.

"कोण आलंय? डॉक्टर का? मग ऑपरेशन कधी धरायचं?" गाव्रिलने विचारलं. आवाज भरदार होता, छपरावरून खालच्याला हाक मारायची सवय असलेला. "हिवाळ्याच्या आत झालं तर बरं. बाजारपेठेतलं एक छप्पर अर्धं राहिलंय."

"घाई नको," हारिझानोव म्हणाला. "डोळ्यांना जरा विसावा मिळू दे. वसंतात बघू."

नेद्याल्काने हिशोब केला, कारण हिशोब करण्याजोगाच होता. चौदा पोरं, पुढल्या वर्षी पुन्हा चौदा, दोन तास. त्यांतला एक जरी शहाणा निघाला तरी त्याच्या हाताखालून जन्मभरात किती माणसं जातील. आणि या पारड्यात एकच छपरं शाकारणारा, ज्याला ती ओळखतही नाही. तोंड मिटून बसावं. नंतर बघता येईल. आज नाही. हा सगळा विचार ती नीट करत होती, आणि तेवढ्यात तिने स्वतःचाच आवाज ऐकला.

"गाव्रिल, ऑपरेशन होणार नाही. तुमची दृष्टी परत येणार नाही."

"कोण बोललं?"

"मी नेद्याल्का. मीही आंधळी आहे. सत्तावीस वर्षं झाली."

"मेली कुठली!" मिन्का किंचाळली. "खुनी बाई! तुझं काय वाकडं केलं होतं आम्ही?"

"मिन्के," गाव्रिल म्हणाला. "खरंय हे?"

मिन्काच्या तोंडून नुसते हुंदके आले. तेच उत्तर होतं.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. आवाज चढलाही नाही. "सगळे. तूसुद्धा."

हारिझानोवने नेद्याल्काला दंडाला धरून मागून ढकलत व्हरांड्यात आणलं. एका तासापूर्वी तो मागच्या बाकावर बसून हेच करू नये हे ऐकत होता.

"रोगाचं निदान सांगायचा हक्क डॉक्टरचा असतो," तो म्हणाला. मध आटला होता. "तुम्ही कोण लागून गेलात?"

"मी केंद्राची शिक्षिका आहे."

"तिथे असाल. इथे आजपासून नाही."

सोमवारी केंद्रात पत्र आलं. संचालकांनी तिला ते वाचून दाखवलं आणि घडी घालून ठेवलं. "नेद्याल्का, नेद्याल्का," ते म्हणाले. "अकरा वर्षं किलकिलं धरून ठेवलेलं दार एका वाक्याने लावून घेतलंस की गं."

तिला दाराची पर्वा नव्हती असं नाही. पण तिच्या डोक्यात आता दुसराच भुंगा होता. गाव्रिलला चिठ्ठी कुणी दिली नव्हती. केंद्राचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. तिने त्याच्या पायाखालची शिडी काढून घेतली आणि दुसरी लावायला कुणी तिला थांबूच दिलं नाही. मिन्का म्हणाली होती, तो जीव देईल. बायका नवऱ्यांना ओळखतात. आपल्या आईचंच खरं निघालं तर? हा विचार तिला पाव कापताना यायचा, काठी टेकवताना यायचा. शिकवताना ती पायऱ्यांचा आकडा चुकली, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

आठव्या दिवशी रालित्सा केंद्रात आली.

"मॅडम, सर म्हणतात मी बरोबर केलं. सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग माझ्या पोटात का तुटतंय?"

"कारण पोट शहाणं आहे तुझं," नेद्याल्का म्हणाली. "वाक्यं बरोबर होती, कान भलत्याचे होते. जिवंत आहे का तो?"

"माहीत नाही."

"गाव कुठलं?"

रालित्साने ते सांगायला नको होतं, पण सांगितलं. यासेन्का, डोंगराच्या पायथ्याशी, दीड तास बसने.

"येतेस बरोबर?"

रालित्सा म्हणाली, "जानेवारीत सरांचीच तोंडी परीक्षा आहे, मॅडम."

नेद्याल्काने तिला दोष दिला नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. दिला. मनातल्या मनात सणसणीत दिला, आणि शनिवारी सकाळी दोन काठ्या पिशवीत टाकून एकटीच बसमध्ये बसली.

ड्रायव्हरने तिला पुलाशी उतरवलं. "गाव पलीकडे. छपरंवाल्याचं घर तिसरं, डाव्या हाताला. पण सांभाळा बाई, पुलाचा एका बाजूचा कठडा भंगारवाल्यांनी पळवलाय. आणि मी साडेचारला परत येतो, मग उद्या सकाळपर्यंत बस नाही."

सगळ्या गावावर भाजलेल्या मिरच्यांचा धूर होता. अंगणाअंगणांत हिवाळ्याची बेगमी चालली होती. पुलावर तिने काठीने एकेक फळी तपासली. खाली पाणी खोल वाहत होतं. दोन कुत्री अंगावर आली, त्यांना तिने आईवरून शिव्या दिल्या. तिसऱ्या फाटकाशी मिरच्यांचा वास नव्हता. त्या घरात बेगमी होत नव्हती.

मिन्काने फाटक उघडलं आणि जागीच थिजली.

"तू? आणखी काय न्यायचं राहिलंय?"

"जिवंत आहे का?"

"आहे. भिंतीकडे तोंड करून पडलाय. नऊ दिवस. दूध तेवढं पितो." मिन्काचा आवाज अगदी कोरडा होता, रडून संपलेल्या माणसाचा. "मी दोर लपवलेत. द्राक्षं छाटायच्या कात्र्या शेजाऱ्यांकडे ठेवल्यात. दारात आडवी झोपते. आता तूच शिकव मला, आणखी काय लपवू ते."

ही बाई जे सांगत होती ते खरं होतं आणि त्याला तीच कारण होती.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"कोणी नाही," मिन्का म्हणाली.

"मी आहे. इस्पितळातली नेद्याल्का."

आत खाट करकरली. मग, "येऊ दे तिला. गळा दाबायचाय तिचा."

ती आत गेली, काठीने खुर्ची शोधली आणि बसली. खोलीला न धुतलेल्या अंथरुणाचा वास होता.

"कोणी आणलं तुला?" गाव्रिलने विचारलं.

"बसने."

"बसपासून?"

"पायांनी."

"पुलावरून?"

"दुसरा रस्ता आहे का तुमच्या गावाला?"

"कठडा नाही त्याला."

"डावीकडे नाही. उजवीकडे अर्धा आहे. मधली एक फळी हलते."

गाव्रिल भिंतीकडून वळला. "ती मीच ठोकली होती."

"मग वाईट ठोकलीस."

गाव्रिलच्या घशातून खोकल्यासारखं काहीतरी निघालं. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "खरंच काही होणार नाही?"

"नाही."

"वसंतात?"

"नाही, गाव्रिल. कुठल्याच वसंतात नाही."

तेव्हा तो रडला. भरदार आवाजाचा माणूस तोंडावर उशी न घेता रडला, आणि नेद्याल्काने त्याला समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच. तिलाही रडू आलं, पण ते त्याच्यासाठी नव्हतं. दारात उभ्या असलेल्या बाईसाठी होतं, आणि तिच्यामागे तिला आपली आई उभी दिसत होती, नाड्या बांधून बांधून बोटं दुखलेली.

मग ती केंद्राबद्दल बोलली, तीन महिन्यांच्या शिकवणीबद्दल, तिथल्या खोल्यांबद्दल. तो ऐकतोय की नाही हे कळत नव्हतं. मिन्काने न बोलता तिच्यापुढे घेवड्याचं गरम सूप आणून ठेवलं. शत्रू असली तरी घरात आलेलीला उपाशी पाठवत नाहीत. चार वाजून गेल्यावर नेद्याल्का उठली. तिने हात टेकले होते. जे सांगायचं ते सांगून झालं होतं आणि तो तसाच पडला होता.

"निघते. साडेचारची बस आहे."

"मिन्के, बाईला पुलापर्यंत सोड," गाव्रिल म्हणाला.

"मी नाही जायची."

"अगं, पाहुणी आहे."

"तुझी पाहुणी. तूच सोड."

आमच्याकडे पाहुण्याला एकट्याने फाटकाबाहेर जाऊ दिलं तर गाव वर्षभर त्या घराला नावं ठेवतं. पंचवीस वर्षं ज्याने सगळ्यांची छपरं शाकारली, त्याच्या घरून एक आंधळी बाई एकटी निघाली आणि कुंपणाकुंपणांवरून लोकांनी ते पाहिलं, हे गाव्रिलला सहन होण्याजोगं नव्हतं. त्याने एक सणसणीत शिवी हासडली. मग खाटेखाली बूट चाचपायचा आवाज आला.

नेद्याल्काने कोपर पुढे केलं. त्याने ते धरलं. त्याची बोटं कौलं पकडून पकडून राठ झालेली होती. उंबऱ्यावर दोघं आली तेव्हा मिन्का धावत घरात गेली आणि तांब्याचं भांडं भरून घेऊन आली, आणि त्याच्या पुढे वाटेवर पाणी ओतलं. परीक्षेला, फौजेत, नव्या कामावर निघालेल्याच्या वाटेवर शकुनाचं ओततात तसं. पाणी दगडावर पसरल्याचा आवाज गाव्रिलने ऐकला, क्षणभर थांबला, आणि ते ओलांडून गेला.

रस्त्याने कुंपणांमागची बोलणी एकेक करून बंद पडत गेली. कुणीतरी म्हणालं, "देव भलं करो, गाव्रिल." त्याने मान हलवली, मग मोठ्याने म्हणाला, "तुझंही." पूल ओलांडून दोघं थांब्याशी आली. लांबून बसचा आवाज येत होता. नेद्याल्काने पिशवीतून दुसरी काठी काढली, उलगडली, आणि त्याच्या हातात दिली.

"ही कशाला?"

"परत जायला. टोक पायाच्या पुढे, डावीकडून उजवीकडे. पाऊल डावं, तर काठी उजवी."

"मला परत तू नेणार ना?"

"मी बसने चाललेय."

"इथे सोडणार मला? पुलापलीकडे?"

"मला सोडायला तूच आलास की."

हे चूक होतं. कुठल्याही शिक्षकाने करू नये असं होतं. केंद्रात कुणी नवख्याला असं सोडलं असतं तर नेद्याल्काने त्याची नोकरी घालवली असती. पहिल्या दिवशी, बिनकठड्याच्या पुलावर, ज्याची बायको दोर लपवते त्या माणसाला. पण त्याला घरी पोचवलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळणार हे तिला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. त्याने तिला शिव्या दिल्या, तिच्या आईला, डॉक्टरांना, डॉक्टरांच्या पुस्तकांना. आणि वळला.

काठीचा आवाज ठोक, ठोक असा जात राहिला, फार जोरात, साप मारावा तसा. मग लाकडावर आला. बस येऊन थांबली.

"चढा बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"गप्प रहा जरा."

"अहो, वेळ झालीय."

"गप्प!"

पुलाच्या मध्यावर काठी थांबली. खाली पाण्याचा आवाज. नेद्याल्का मोजायला लागली आणि आकडे तिच्या डोक्यातून पळून गेले. मी मारलं याला, तिला वाटलं. डॉक्टरांनी नाही, डोळ्यांनी नाही. मी. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

पलीकडून, घरांच्या बाजूने, मिन्काची किंकाळी आली. ती मागोमाग आली होती तर. "उजवीकडे सर! गाव्रिल! उजवीकडे! थांब, मी येते! पाय उचलू नकोस!"

"मिन्के, तोंड बंद ठेव!" गाव्रिल पुलावरून गरजला, छपरावरून गरजायचा तसा. "तू ओरडलीस की मला वाट ऐकू येत नाही!"

मिन्का गप्प झाली. काठी पुन्हा वाजली, आता हळू, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नेद्याल्का बसच्या पायरीवरच बसली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.